मोटर बसवण्याआधी सायकल पारखा



सायकलला मोटर बसवायची असे मनात आले की माणूस पहिला प्रश्न विचारतो तो मोटरीविषयी. किती वॉटची घ्यावी? एका चार्जिंगमध्ये किती किलोमीटर जाईल? चढ चढेल का? हे प्रश्न चुकीचे नाहीत, पण ते दुसऱ्या क्रमांकाचे आहेत. पहिला प्रश्न असा की ही मोटर ज्या सांगाड्यावर बसणार, तो सांगाडा तिला पेलणारा आहे का? आणि पेलणारा असला, तरी तो वेळेवर थांबणारा आहे का? आज मला बोलायचे आहे ते या पहिल्या प्रश्नाविषयी.

ही चर्चा हवेत राहू नये म्हणून आपण एक गाव डोळ्यांसमोर ठेवू. रायगड जिल्ह्यातले, सुधागड तालुक्याचे ठाणे असलेले पाली. वर सरसगड, खाली बल्लाळेश्वराचे देऊळ, बाजूने वाहणारी अंबा नदी. एका अंगाने रस्ता खोपोलीकडे जातो, तो पस्तीस-चाळीस किलोमीटर. दुसऱ्या अंगाने वाकणला मुंबई-गोवा महामार्गाला मिळतो, तो दहा-बारा किलोमीटर. उन्हेऱ्याची गरम पाण्याची कुंडे जवळच आहेत. पाच्छापूर, ठाकूरवाडी या सुधागडाच्या पायथ्याकडच्या वाड्यांना जायचे तर चढण लागते. आसपासच्या वाडीतून गावात दूध घालणारा, पहाटे वर्तमानपत्रे टाकणारा, शाळेला येणारा मुलगा, अशा कितीतरी माणसांचे रोजचे अंतर आठ-दहा किलोमीटरांचे असते. चालायला जास्त, मोटारसायकल घ्यायला कमी. अशा अंतराला मोटरची सायकल फार सोयीची. म्हणूनच ती बसवताना घाई नको.

ही कल्पना काही आजची नाही. दुसरे महायुद्ध संपल्यावर पेट्रोलची टंचाई होती, पैशाची तर त्याहून मोठी होती. त्या काळात युरोपात सायकलला छोटे इंजिन जोडण्याची लाटच आली. फ्रान्समध्ये १९४६ पासून सोलेक्स विकली जाऊ लागली. तिचे इंजिन पुढच्या चाकावर बसे आणि एक रूळ टायरला घासून चाक फिरवी. इटलीत कुच्चोलो नावाचे इंजिन निघाले. जपानात हामामात्सु शहरी सोइचिरो होंडा यांनी १९४६ साली लष्कराच्या वायरलेस संचांना वीज पुरवणारी जुनी छोटी इंजिने मिळवली आणि ती सायकलींना बसवून विकली. म्हणजे आजच्या त्या प्रचंड कारखान्याचे मूळ एका रेडिओच्या इंजिनात आहे, हे आम्हा आकाशवाणीवर बोलणाऱ्यांना सांगायला बरे वाटते! पण त्यातला बोध वेगळा आहे. सुरुवातीला त्यांनी साध्या सायकलींवरच काम भागवले. इंजिनाची ताकद वाढत गेली तसा सायकलचा सांगाडा अपुरा पडू लागला आणि १९४९ साली त्यांनी इंजिन आणि सांगाडा दोन्ही स्वतःचे असलेली ‘ड्रीम’ ही गाडी काढली. आपल्या पुण्यातही तेच दिसले. कायनेटिकची लूना १९७२ साली आली. तिला पायडल होते, पण सांगाडा सायकलचा नव्हता, पन्नास सी.सी.च्या इंजिनासाठीच घडवलेला होता. सायकलच्या सांगाड्याला एक मर्यादा आहे. त्या मर्यादेच्या आत राहून मोटर लावली तर ती सायकल वर्षानुवर्षे सुखाने चालते. मर्यादा ओलांडली तर आपल्याकडे म्हणतात तसे नाकापेक्षा मोती जड होते.

ही मर्यादा कशाने ठरते? आपण थोडा हिशेब करू. निरोगी माणूस तासभर पायडल मारत राहिला तर साधारण ७५ ते १०० वॉट शक्ती देतो. २५० वॉटची मोटर म्हणजे तशी अडीच-तीन माणसे एकदम पायडल मारीत आहेत असे समजा. माणूस आणि सायकल मिळून १०० किलो वजन असेल, आणि शंभर मीटरला पाच मीटर असा चढ असेल, तर ताशी १० किलोमीटर वेगाने चढायला सुमारे १६० ते १७० वॉट लागतात. म्हणजे पालीच्या आसपासच्या चढांना २५० वॉट पुरे आहेत, वर थोडे पाय मारले की झाले. हजार वॉटची मोटर घेण्याचा मोह कितीही झाला तरी तिची इथे गरज नाही.

आता वेगाचे बघा. माणूस सायकल चालवतो ती साधारण ताशी १२ किलोमीटरने. मोटर तीच सायकल २५ ने पळवते. वेग दुप्पट झाला, पण थांबवायला लागणारे अंतर दुप्पट होत नाही, ते चौपट होते. कोरड्या रस्त्यावर आणि चांगल्या ब्रेकने १२ च्या वेगाची सायकल दोन मीटरांत थांबत असेल, तर २५ च्या वेगाला आठ मीटर लागतील. शिवाय धोका दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद गेला तर तेवढ्यात सात मीटर सायकल पुढे गेलेली असते, ते वेगळेच. खड्ड्यात चाक आपटते तेव्हा सांगाड्याला बसणारा हिसकाही असाच वाढतो. मोटर जोर लावते तो चाकाला, पण त्या जोराचा आणि वेगाचा सगळा भार येतो तो नळ्यांच्या सांध्यांवर, चिमट्यावर आणि ब्रेकवर. बल्लाळेश्वराच्या देवळाच्या दगडी बांधकामात सांध्यांत शिसे ओतले आहे असे सांगतात. दगड कितीही मोठे असोत, भिंत उभी राहते ती सांध्यांच्या जोरावर. सायकलचेही तसेच आहे.

तेव्हा आता आपल्यापुढे येणाऱ्या सांगाड्यांची ओळख करून घेऊ.

पहिली आपली जुनी काळी सायकल. मद्रासजवळ अंबत्तूरला १९४९ साली टी.आय. सायकल्स, सोनीपतला १९५१ साली अॅटलस, लुधियान्याला १९५६ साली हीरो असे कारखाने उभे राहिले आणि या सायकली खेडोपाडी पोचल्या. हिचा सांगाडा पोलादी. नळ्या जिथे मिळतात तिथे लोखंडी कोपरे बसवून पितळेने झाळलेले. पुढचा चिमटा बराच तिरका आणि दोन चाकांतले अंतर लांब, त्यामुळे ती सरळ आणि शांत चालते. वजन वीस किलोच्या आसपास. डबल बारची असेल तर भार वाहायला आणखी भक्कम. हे सगळे गुण मोटरला हवेत तसेच आहेत. मग अडचण कुठे येते? अडचण येते चाकात आणि ब्रेकमध्ये.

चाकाचे सांगतो. या सायकलीच्या पुढच्या रिमला ३२ भोके असतात आणि मागच्या रिमला ४०. बाजारात मिळणाऱ्या चाकाच्या मोटरींना, म्हणजे हबमध्येच मोटर असते त्यांना, बहुधा ३६ भोके असतात. म्हणजे जुनी रिम वापरता येत नाही. ३६ भोकांची २८ इंची रिम सहज मिळत नाही. मिळते ती २६ इंची. ती बसवली तर जुना दांड्यांचा ब्रेक रिमपर्यंत पोचत नाही, आणि सायकल जमिनीकडे इंच-दीड इंच खाली येते, वळणावर पायडल जमिनीला लागते. किट मागवून घरी आल्यावर हे लक्षात येते आणि मग मिस्त्रींकडे जाऊन, “काका, काहीतरी जुगाड करा ना,” असे म्हणण्याची पाळी येते. शहाणे काका असतील तर ते म्हणतील, “अरे बाळा, टेप घेऊन आधी आला असतास तर बरे झाले असते.”

ब्रेकचे त्याहून महत्त्वाचे. दांड्यांचा ब्रेक पोलादी रिमवर रबर घासतो. कोरड्यात ठीक. पण पाऊस पडला की चकचकीत पोलादी रिम ओली होते आणि रबराची पकड फार कमी होते. समजा पकड एक-तृतीयांश उरली, तर मघाचे आठ मीटर चोवीस होतात. आणि पालीला पाऊस म्हणजे काय ते तुम्हाला मी सांगायला नको. जूनपासून सप्टेंबरपर्यंत रिम कोरडी सापडणेच कठीण. म्हणून जुनी काळी सायकल घ्यायची तर निदान एका चाकाला ड्रम किंवा डिस्क ब्रेक बसवता येईल का, हे आधी ठरवा. ते जमत नसेल तर त्या सायकलला मोटर लावू नका. तिला तिच्या जुन्या चालीने चालू द्या.

दुसरी जात क्रूझर सायकलीची. ही मूळची अमेरिकेची. शिकागोच्या श्विन कंपनीने १९३३ साली जाड, फुगीर टायरची सायकल बाजारात आणली, तिच्यातून हा प्रकार वाढला. लांब सांगाडा, रुंद हँडल, २६ इंची चाके, दोन इंचांहून जाड टायर. १९३९ साली तिकडे व्हिझर नावाचे इंजिन निघाले आणि ते अशाच सायकलींना बसू लागले. आजही सायकलला मोटर बसवणारे जगभरचे हौशी लोक क्रूझरचा सांगाडा शोधतात, तो काही केवळ दिसायला देखणा म्हणून नाही. त्याची कारणे तीन. जाड टायर खड्ड्याचा हिसका स्वतःत जिरवतो. लांब सांगाडा वेगातही डळमळत नाही. आणि नळ्यांच्या मधल्या जागेत बॅटरी बसते. ही तीन कारणे लक्षात ठेवा, म्हणजे नाव ‘क्रूझर’ असो वा नसो, योग्य सायकल तुम्हाला ओळखता येईल. कारण आपल्याकडच्या तालुक्याच्या दुकानात क्रूझर नावाची सायकल मिळेलच असे नाही. तिची जवळची बहीण मात्र मिळते. आपण जिला ‘रेंजर’ म्हणतो ती, सरळ हँडलची, २६ इंची, पोलादी, बिनगिअरची आणि बिनस्प्रिंगची. तिच्या चिमट्याला रिम ब्रेकसाठी खुंट्या असतात, कधी डिस्कची सोय असते. पैशाच्या मानाने मोटरीला याहून सोयीचा सांगाडा सापडणे कठीण.

तिसरी जात स्प्रिंगवाल्या, गिअरवाल्या सायकलींची. तरुणांना हिचा फार मोह. पण स्वस्तातल्या स्प्रिंगच्या चिमट्याचे खालचे पाय अॅल्युमिनियमचे असतात. मोटरचा आस जिथे बसतो ती खाच तिथे पातळ आणि ठिसूळ असते. पोलाद आधी वाकते, मग तुटते. वाकताना दिसते, सावध करते. ओतीव अॅल्युमिनियम बरेचदा न सांगता तुटते. शिवाय पोलादाचा सांधा गावच्या वेल्डरकडे दुरुस्त होतो, अॅल्युमिनियमचा होत नाही. दुकानात जाताना खिशात एक लहान लोहचुंबक ठेवा. रंगाखाली काय आहे ते तो लगेच सांगेल.

चौथी लेडीज सायकल, वरचा दांडा नसलेली. साडी नेसून बसायला सोयीची, म्हणून तिला नाही म्हणवत नाही. पण वरचा दांडा नसल्यामुळे सांगाडा थोडा पिळवटतो. तिला मोटर लावायची तर लहान लावावी, आणि बॅटरी मागच्या कॅरियरवर उंच न ठेवता सीटच्या नळीला लागून ठेवावी.

आता मोटर नेमकी कुठे बसवायची, यावरही सांगाड्याची निवड अवलंबून आहे. पुढच्या चाकात बसवणे सोपे, चेनला हात लागत नाही. पण मागे दुधाचे कॅन बांधले की पुढचे चाक हलके होते, आणि खडीच्या ओल्या चढावर ते जागच्या जागी फिरते. ओझे वाहणाऱ्याने मोटर मागच्या चाकात बसवावी. तिच्या आसाला बहुतेक १३५ मिलिमीटर जागा लागते. जुन्या काळ्या सायकलच्या मागच्या चिमट्यात तेवढी नसते. पोलादी चिमटा थोडा फाकवता येतो, पण ते काम दोन्ही बाजूंना सारखे झाले पाहिजे, नाहीतर चाक तिरके चालेल. अॅल्युमिनियमचा चिमटा कधीही फाकवू नये.

आणखी एक गोष्ट किटच्या माहितीपत्रकात बारीक अक्षरांत असते. मोटर चाकाला पुढे ढकलते तेव्हा तिचा आस उलट दिशेने फिरू पाहतो. एक फूट लांबीच्या पान्याच्या टोकाला दहा-बारा किलो वजन टांगावे, तेवढा जोर त्या लहानशा खाचेवर येतो. नट कितीही आवळला तरी खड्ड्याखड्ड्यांनी तो सैल होतो, आस खाचेतून गरकन फिरतो, वायर पिळून तुटते, आणि पुढच्या चाकाची मोटर असेल तर चाकच बाहेर येते. म्हणून आसाला एक पोलादी पट्टी अडकवून तिचे दुसरे टोक चिमट्याला घट्ट बांधायचे असते. दोन्ही बाजूंना लावली तर उत्तम. ही पट्टी मोटरच्या किमतीच्या मानाने अगदी स्वस्त. आस बसत नाही म्हणून कानशीने खाच रुंद करताना हात राखून काम करा. जेवढे लोखंड घासून काढाल तेवढा चिमटा दुबळा.

घरात पडून असलेली जुनी सायकल वापरायची असेल तर तिची परीक्षा कशी घ्यावी? आधी सगळी माती धुऊन टाका. हँडलखालचा सांधा, पायडलचा सांधा आणि मागच्या चाकाच्या खाचा इथे उजेड पाडून बघा. रंगावर केसासारखी रेघ दिसली, तिच्यातून तांबूस गंज पाझरत असला, तर ती चीर समजा. मग सीटची दांडी काढून नळीत डोकवा. आपल्याकडच्या पावसाचे पाणी सीटच्या नळीतून उतरून पायडलच्या सांध्यात साचते आणि सांगाडा आतून गंजतो. बाहेरून मात्र रंग झकास असतो. त्यानंतर एक दोरी घ्या. मागच्या चाकाच्या एका खाचेला बांधा, हँडलच्या नळीला वळसा देऊन दुसऱ्या खाचेला आणा आणि ताणा. सीटच्या नळीपासून दोन्हीकडे दोरीचे अंतर सारखे भरले पाहिजे. कमीजास्त भरले तर सांगाडा वाकलेला आहे. ओळखीच्या वेल्डरने जाड डाग देऊन जोडलेली नळी असेल, तर ती सायकल बाजूला ठेवा. आणि बॅटरी बसवण्यासाठी नळीला नवीन भोक कधीही पाडू नका. चीर सुरू होते ती भोकापासून.

बॅटरीचे वजन विसरू नका. ३६ व्होल्टची, १० अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी दोन-तीन किलोंची असते आणि पाय थोडे चालवत राहिले तर तीस किलोमीटरांच्या आसपास नेते. स्वस्त म्हणून शिशाच्या तीन बॅटऱ्या घेतल्या तर दहा-बारा किलो ओझे झाले. ते मागच्या कॅरियरवर लादले, त्यावर दुधाचे कॅन बांधले, की सांगाड्याची शेपटी डुलू लागते. वजन जितके खाली आणि दोन चाकांच्या मध्ये, तितके बरे. म्हणून ज्या सांगाड्यात मध्ये जागा आहे तो निवडा.

आता कायद्याचे दोन शब्द. विजेच्या मोटरची शक्ती पाव किलोवॉटपेक्षा कमी असेल, वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी असेल, आणि मान्यताप्राप्त तपासणी संस्थेने तसे प्रमाणित केले असेल, तर केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे ती गाडी मोटार वाहन ठरत नाही. पुण्याची ए.आर.ए.आय. ही अशीच एक संस्था. किट घेताना विक्रेत्याकडे हे प्रमाणपत्र मागा. पेट्रोल इंजिनाच्या बाबतीत १९८८ च्या कायद्याने २५ सी.सी. पर्यंतच सूट ठेवली आहे, आणि बाजारातली सायकलची इंजिने बहुधा त्याहून मोठी असतात. सूट ओलांडली की नोंदणी, परवाना, विमा सगळे आले. घरी बांधलेल्या सायकलची अशी नोंदणी व्हायची कशी? आणि अपघात झालाच, तर नुकसान ज्याचे होईल त्याला भरपाई कोण देणार? माघी उत्सवाच्या गर्दीत बल्लाळेश्वराच्या रस्त्यावर एखाद्या म्हाताऱ्या बाईला धक्का लागला, तर “माझी तर सायकलच आहे” हे उत्तर पुरणार नाही.

एवढे सांगून झाल्यावर निवड कशी करायची ते थोडक्यात सांगतो. वर्तमानपत्रे टाकणाऱ्याने साधी पोलादी रेंजर आणि पुढच्या चाकात लहान मोटर घ्यावी. दूधवाल्याने भक्कम पोलादी सांगाडा, मागच्या चाकात मोटर, दोन्ही चाकांना पावसात चालणारे ब्रेक, आणि बॅटरी मध्ये. शाळेच्या मुलाने, माझे ऐकाल तर, अजून दोन-चार वर्षे पायानेच सायकल मारावी. पाय पुढे उपयोगी पडतील.

आणि सगळे जुळवून झाले की लगेच खोपोलीचा रस्ता धरू नका. नेहमीचे ओझे बांधा, रिकाम्या उतारावर जा, चाकांवर तांब्याभर पाणी ओता आणि ब्रेक मारून बघा. अंतर पावलांनी मोजा. मनासारखे भरले तर दुसऱ्या दिवशी उन्हेऱ्यापर्यंत जाऊन या, परत आल्यावर आसाचे नट आणि ती पोलादी पट्टी तपासा. पहिला महिनाभर दर आठवड्याला हे करा. अंबेला पूर आला असेल आणि पुलावरून पाणी जात असेल तर मोटर असो वा नसो, अलीकडेच थांबा. मोटरच्या हबमध्ये पाणी शिरले तर नुकसान मोठे, आणि माणूस वाहून गेला तर त्याहून मोठे.

मोटरी दरवर्षी सुधारत आहेत. आज मिळाली नाही तर पुढच्या वर्षी बहुधा याहून चांगली मिळेल. तोवर सायकल निवडायला वेळ घ्या, टेप, दोरी आणि लोहचुंबक घेऊन दुकानात जा, आणि दुकानदार कंटाळला तरी पारखून घ्या.